लूर्ड्सला पहिला मान रुग्णांचा

दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्ड्स हे गाव आहे. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी तिथली बर्नादेत सूबिरू ही चौदा वर्षांची मुलगी बहीण आणि मैत्रिणीबरोबर जळण गोळा करायला नदीकाठी गेली होती. मासाबिएलच्या खडकातल्या कपारीत तिला शुभ्र वस्त्रातली एक तरुणी दिसली. १६ जुलैपर्यंत अशी १८ दर्शने झाली. आज जगभरचे कॅथलिक त्या तरुणीला लूर्ड्सची मरिया माता म्हणतात.

दर्शन म्हटले की लोक आधी चमत्कार विचारतात आणि मग भविष्य. लूर्ड्सचा अभ्यास करताना मला तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटत गेला: दर्शन कोणाला झाले, आणि त्याने माणसांना कोणाच्या दारी नेले?

तुरुंगाच्या खोलीतली मुलगी

बर्नादेतचे वडील गिरणीवाले होते. गिरणी हातची गेली आणि मोलमजुरी वाट्याला आली. गावातला जुना तुरुंग वापरातून काढलेला होता. त्यातल्या एका खोलीत सहा माणसांचे हे कुटुंब राहत होते. आदल्याच वर्षी पीठ चोरल्याच्या संशयावरून वडिलांना अटक झाली होती. मुलीला दमा होता, लिहिता-वाचता येत नव्हते, पहिले कम्युनियनही झालेले नव्हते. मासाबिएलची जागाही गावाच्या लेखी कवडीमोल होती. तिथे डुकरे चरायची.

अशा मुलीला त्या स्त्रीने तिच्या घरच्या बोलीत, आदराने विचारले, की पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का? एक माणूस दुसऱ्या माणसाकडे पाहतो तसे तिने माझ्याकडे पाहिले, असे बर्नादेत पुढे सांगत असे. पोलीस अधिकाऱ्याने जिची उलटतपासणी घेतली, गर्दीने जिला वेडी ठरवले, तिला मिळालेला हा मान मला या घटनेचा गाभा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानात मरिया जे स्तोत्र गाते, त्यातला देव दीनांनाच उंचावतो.

त्या स्त्रीचा निरोपही साधा होता: प्रार्थना करा, पापी माणसांसाठी प्रायश्चित्त करा, धर्मगुरूंना इथे चॅपल बांधायला सांगा, लोकांनी मिरवणुकीने यावे. २५ फेब्रुवारीला तिच्या सांगण्यावरून बर्नादेतने हाताने माती उकरली आणि गढूळ पाणी प्यायली. तो झरा आजही वाहतो. २५ मार्चला त्या स्त्रीने आपण ‘निष्कलंक गर्भसंभव’ असल्याचे सांगितले. मरिया गर्भात आली तेव्हापासूनच आदिपापाच्या डागाविना होती, हा सिद्धान्त पोप नववे पायस यांनी चारच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये घोषित केला होता. धर्मग्रामाचे कडक शिस्तीचे धर्मगुरू पेरामाल या अशिक्षित मुलीच्या तोंडून ते शब्द ऐकून हादरले.

चर्चचा सावधपणा

बिशप लोराँस यांनी चौकशी समिती नेमली आणि १८ जानेवारी १८६२ रोजी दर्शने खरी मानली. तरीही ती विश्वासाचा अनिवार्य भाग ठरली नाहीत. प्रकटीकरण ख्रिस्तात पूर्ण झाले आहे. पुढची दर्शने त्यात भर घालत नाहीत, आपापल्या काळात ते जगायला मदत करतात, अशी चर्चची शिकवण आहे. लूर्ड्सवर विश्वास न ठेवणाराही पूर्ण कॅथलिक असतो.

मोबाइलवर दररोज नवे ‘दर्शन’ फिरत असताना हा सावधपणा अधिकच लागतो. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम जाहीर केले. आता निर्णयाचे सहा पर्याय आहेत. घटना अलौकिक असल्याचा शिक्का चर्च सहसा मारणार नाही. तिथे पवित्र आत्म्याची फळे दिसतात का आणि भाविकांना काही धोका आहे का, हे पाहिले जाईल. या धोरणानुसार त्याच वर्षी बोस्नियातल्या मेजुगोर्ये या तीर्थस्थळी होणाऱ्या भक्तीला मोकळीक मिळाली, पण तिथल्या दर्शनांना अलौकिक ठरवले गेले नाही. मुंबई-वसईचे असंख्य भाविक जिथे जातात त्या तमिळनाडूतील वेलंकणीबद्दलही व्हॅटिकनने ऑगस्ट २०२४ मध्ये आपुलकीचे पत्र लिहिले. मातेच्या पायाशी येणाऱ्या ख्रिस्तेतर यात्रेकरूंच्या श्रद्धेचाही त्यात आदराने उल्लेख आहे.

बरे होणे आणि न होणे

लूर्ड्सला १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचा दावा आला, की डॉक्टर आधीचे निदान, अहवाल आणि उपचार तपासतात. कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी डॉक्टरलाही कागदपत्रे पाहता येतात. पुढे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समिती पडताळणी करते आणि शेवटचा निर्णय संबंधित बिशप घेतात. सुमारे ७,००० नोंदींपैकी २०२५ च्या मध्यापर्यंत ७२ घटनाच चमत्कार म्हणून मान्य झाल्या.

म्हणजे लाखो आजारी माणसे आजारासह घरी परततात. खुद्द बर्नादेत त्यांतलीच. १८६६ मध्ये ती नेव्हेरच्या मठात गेली, तिथल्या रुग्णांची शुश्रूषा केली, आणि दमा व क्षयाने झिजत १६ एप्रिल १८७९ रोजी पस्तिसाव्या वर्षी वारली. या जगात सुखी करण्याचे वचन देत नाही, असे त्या स्त्रीने तिला आरंभीच सांगितले होते. १९३३ मध्ये चर्चने तिला संत घोषित केले, ते तिला दर्शन झाले म्हणून नव्हे, तिच्या जगण्यासाठी.

मग लोक का जातात? लूर्ड्सच्या मिरवणुकीत चाकाच्या खुर्च्या आणि स्ट्रेचर मानाच्या जागी असतात. धडधाकट स्वयंसेवक स्वखर्चाने येऊन त्या ढकलतात, रुग्णांना भरवतात, त्यांची अंगे पुसतात. एरवी जग ज्यांना खोलीत झाकून ठेवते त्यांच्याभोवती इथे सगळे गाव फिरते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन ठरवला. ऑगस्ट २००४ मधली त्यांची शेवटची परदेशवारी लूर्ड्सचीच होती. पार्किन्सनने थकलेला तो माणूस रुग्णांमधला एक रुग्ण म्हणून तिथे प्रार्थनेला बसला.

माझ्या मते मरिया मातेच्या दर्शनांचा आजचा आध्यात्मिक अर्थ इथे सापडतो. ज्या दर्शनामुळे प्रार्थना वाढते आणि दुबळ्याला मान मिळतो, ते शुभवर्तमानाशी सुसंगत असते. जे नुसती भीती, कुतूहल किंवा पैसा वाढवते, त्याच्यापासून दूर राहावे. लूर्ड्सला जाणे प्रत्येकाला परवडणारे नाही. त्याची गरजही नाही. येत्या ११ फेब्रुवारीला आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले कोण आहे त्याची चौकशी करा, त्यांच्या घरी जा आणि त्यांच्या उशाशी बसून रोझरी म्हणा.