मांडीचा अग्रपार्श्व फ्लॅप
मांडीचा अग्रपार्श्व फ्लॅप म्हणजे मांडीच्या पुढच्या व बाहेरच्या बाजूकडून, स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह उचललेला त्वचा व चरबीचा तुकडा होय. गरजेनुसार त्यात स्नायूचाही भाग घेतात. १९८४ मध्ये साँग व त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. तंबाखू व सुपारीच्या सेवनामुळे भारतात तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा रुग्णांची जीभ किंवा गाल काढावा लागल्यास त्या जागेच्या पुनर्रचनेसाठी हा फ्लॅप वापरतात.

रक्तपुरवठा

मांडीतील फिमोरल रोहिणीची खोलवर जाणारी शाखा म्हणजे प्रोफंडा फिमोरिस. तिच्यापासून बहुधा लॅटरल सर्कमफ्लेक्स फिमोरल रोहिणी निघते व तिला चढती, आडवी आणि उतरती अशा शाखा फुटतात. फ्लॅपचा आधार असलेली उतरती शाखा रेक्टस फिमोरिस व व्हास्टस लॅटरॅलिस या स्नायूंमधील फटीतून खाली जाते. तिच्यासोबत सहसा दोन नीला असतात. व्हास्टस लॅटरॅलिसची तंत्रिकाही तिला लगटून असते. ती दुखावल्यास गुडघा सरळ करण्याची ताकद घटू शकते.

या शाखेपासून त्वचेकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्यांना पर्फोरेटर म्हणतात. खरी अडचण येथेच आहे. काही पर्फोरेटर दोन स्नायूंमधील पडद्यातून सरळ वर येतात, परंतु बहुसंख्य व्हास्टस लॅटरॅलिसच्या आतून वाट काढतात. त्यांना स्नायूच्या तंतूंतून अलगद सोडवावे लागते. त्यांची संख्या व जागा माणसागणिक बदलते. थोड्या व्यक्तींत उपयोगी पडेल असा एकही पर्फोरेटर सापडत नाही. तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूचा फ्लॅप किंवा दुसरी मांडी निवडतात. म्हणून सुरुवातीला केवळ एका कडेने छेद घेऊन पर्फोरेटर डोळ्यांनी पाहण्याची आणि त्यानंतरच फ्लॅपचा आकार ठरवण्याची पद्धत शहाणपणाची ठरते.

शोध घेण्यासाठी कटिअस्थीच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेषा आखतात. तिच्या मध्यबिंदूभोवती सुमारे ३ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात डॉप्लर यंत्राने वाहिन्यांचा आवाज ऐकतात.

मानेतील जोडणी

उतरत्या शाखेचा देठ लांब, अनेकदा ८ सेंमीहून अधिक, मिळतो. त्यामुळे तोंडातील फ्लॅपच्या वाहिन्या मानेपर्यंत पोहोचतात. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणी सहसा फेशियल किंवा सुपीरियर थायरॉइड रोहिणीला, तर नीला अंतर्गत जुग्युलर नीलेला किंवा तिच्या शाखेला जोडतात. देठाला पीळ बसल्यास किंवा नीलेत गुठळी झाल्यास फ्लॅप निळसर पडतो व वेळीच उघडून पाहिला नाही तर मृत होतो. मग लाळ मानेत झिरपून तेथील मोठ्या वाहिन्यांनाही धोका पोहोचवू शकते.