रोजचा धर्मादा

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या गावोगावी त्या दिवशी झोके बांधले जातात, माहेरवाशिणी घरी येतात. आपल्या घरांत त्याच दिवशी वर्षीतपाचे पारणे होते आणि श्रेयांसकुमारांच्या दानाचे स्मरण केले जाते. भगवान ऋषभदेव आहारासाठी विहार करीत असता लोकांनी त्यांच्यापुढे हत्ती, घोडे, रत्ने आणली. त्यांतील काहीही त्यांनी स्वीकारले नाही. स्वीकारला तो ओंजळीत घेतलेला उसाचा रस. आपल्या दानपरंपरेचा आरंभ असा साधा आहे.

पुढे समाजाने धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखाने उभारले. ती कामे ज्येष्ठांच्या हातून होतात. महाविद्यालयात जाणारी मुले ती पाहतात. स्वतः देण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. ‘कमावू लागलो की देऊ,’ ही समजूत नकळत रुजते. पण देण्याची वृत्ती कमाईबरोबर आपोआप येत नाही. ती आधीच अंगी बाणवावी लागते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आली आहे. अनुग्रहासाठी आपल्या स्वतःच्या वस्तूचा त्याग म्हणजे दान. यातील ‘स्वतःच्या’ हा शब्द विद्यार्थ्याने विचारात घ्यावा. खिशातला पैसा वडिलांचा असेल, तर त्यातून दिलेले दान कोणाचे? आपण आपल्या उपभोगातून जे वगळले, तेवढे आपले. कॅन्टीनमधला एक चहा टाळून वाचलेले दहा रुपये त्या अर्थाने विद्यार्थ्याचे स्वतःचे होत. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्याची तर ती प्रत्यक्ष कमाईच असते.

याची रीत आपल्या पेढ्यांनाच ठाऊक आहे. मालाच्या बिलावर काही पैसे धर्मादा म्हणून घेऊन ते वेगळ्या खाती जमा करण्याचा प्रघात जुना आहे. सर्वोच्च न्यायालयानेही अशी रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे मानले आहे. नफा झाला तर देऊ, असा तो व्यवहार नव्हता. व्यवहार होताच धर्मादा बाजूला निघे. विद्यार्थ्यानेही महिन्याचे पैसे हाती येताच धर्मादा आधी काढावा, उरल्यावर नव्हे.

अल्प दानाचे सामर्थ्य कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखवून दिले. जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. घरोघरच्या मूठभर धान्यावर गरीब विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालविण्याची वाट त्यांनी धरली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्यांचा त्याग आठवताना त्या मुठींचेही मोल विसरता येत नाही.

रोजचे पाच रुपये वर्षाला 1825 होतात. वीस मित्रमैत्रिणींचे 36,500. एवढ्यात कुणाचे परीक्षाशुल्क, कुणाची पुस्तके, कुणाची औषधे, मुक्या जनावरांचा चारा होऊ शकतो. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चारही दाने यात येतात. एका वहीत जमा-खर्च लिहावा, दर महिन्याला दोघांनी तो तपासावा आणि ज्याला दिले त्याचे नाव किंवा छायाचित्र कोठेही झळकवू नये. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने वेळ द्यावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांची सेवा स्वतःच्या हातांनी केली. तेही दानच होते.

पालकांनी यासाठी वेगळी रक्कम देऊ नये. दिली, तर दान पुन्हा पालकांचेच ठरेल. मुलांच्या वहीचे पान मात्र दर महिन्याला आवर्जून पाहावे. पेढीचे खाते पुढच्या पिढीच्या हाती देण्यापूर्वी धर्मादाचे खाते तिच्या हाती गेलेले असावे.