मखरातले 18 अँपिअर

गाण्याच्या तालावर नाचणारे दिवे या आठवड्यात देणार होतो. ते पुढच्या वेळी. मधेच एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो माझ्या लाडक्या विषयात शिरतो. त्यांनी गणपतीच्या मखरासाठी डब्ल्यूएस2812बीची 300 दिव्यांची पट्टी घेतली आहे, अडॅप्टर 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा. विचारतात, "ब्राइटनेस 40वर बांधून टाकला की झालं ना?"

हिशेब बरोबर आहे. पूर्ण पांढऱ्या दिव्याला 60 मिलिअँपिअर धरतात, म्हणजे 300 दिव्यांना 18 अँपिअर. 255पैकी 40 ठेवले की तीनच्या आत बसतं. पण मखराभोवती एकच निळा ठिपका फिरवायचा असेल, तर तोही बिचारा विनाकारण मिणमिणणार! मर्यादा घालायची ती एकूण करंटवर.

फास्टएलईडी या लायब्ररीमध्ये यासाठी 'सेट मॅक्स पॉवर इन व्होल्ट्स अँड मिलिअँप्स' हे फंक्शन आहे. नाव मालगाडीएवढं, काम नेमकं. प्रत्येक फ्रेम पट्टीकडे जाण्याआधी ते सगळ्या दिव्यांची बेरीज करतं: पूर्ण लाल 16 मिलिअँपिअर, हिरवा 11, निळा 15. बेरीज मर्यादेबाहेर गेली तरच अख्खी फ्रेम मंद होते, एरवी ठिपका झगझगीत. शिवाय प्रत्येक दिव्यामागे 1 मिलिअँपिअर वेगळा, कारण दिवा काळा असला तरी त्यातली चिप जागीच असते. 300 दिवे 'बंद' असताना 300 मिलिअँपिअर! रात्री प्लग काढाच.

आता खोच. ही बेरीज म्हणजे अंदाज आहे, करंट इथे कुणी मोजत नाही. तुमची पट्टी वेगळ्या बनावटीची असेल तर आकडे हलतील. म्हणून 3 अँपिअरच्या अडॅप्टरला मी 2400च लिहितो. दुसरं म्हणजे ही मर्यादा फक्त तुमच्या प्रोग्रॅमपुरती. भाच्याने हौसेने दुसऱ्या लायब्ररीतलं नमुन्याचं स्केच चढवलं आणि त्यात सगळे दिवे पांढरे असले, की मर्यादा गेली. मग व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड रीसेट होतो, पुन्हा दिवे, पुन्हा रीसेट. अडॅप्टर तापत राहतो.

"मग 20 अँपिअरचाच सप्लाय घ्या" असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. छोटा अडॅप्टर निदान दमतो. मोठा सप्लाय मागाल तेवढा करंट देतो, आणि तापते ती बारीक वायर नि पट्टीतलं पातळ तांबं. मोठा सप्लाय घेतलात तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पॉझिटिव्ह वायरवर, सप्लायच्या अगदी जवळ, त्या वायरला झेपेल एवढाच फ्यूज हवा. सॉफ्टवेअरची मर्यादा त्याची जागा घेत नाही.

पुढच्या भागासाठी मॅक्स9814चं माइक मॉड्यूल लागेल, आणून ठेवा.