पहिल्या वर्षाची रोजकीर्द

वाशिम–पुसद रस्त्यावरील अनसिंगच्या बाजारपेठेला वर्षातून दोनदा उसंत नसते. मृग लागला की बियाणे आणि खते नेणाऱ्या शेतकऱ्यांची रीघ लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्या सोयाबीनची पोती उतरू लागतात. दोन्ही वेळी पेढीवर घरचे माणूस हवे असते, आणि बारावी उत्तीर्ण होऊन नुकताच महाविद्यालयात गेलेला मुलगा हे त्यातले हक्काचे माणूस. योग असा की, पहिल्या घाईत त्याचा प्रवेश आणि आरंभीची व्याख्याने येतात, तर दुसऱ्या घाईच्या पाठोपाठ विद्यापीठाची हिवाळी परीक्षा उभी राहते.

घरात याची फारशी चर्चा होत नाही. "बी.कॉम. तर आहे, परीक्षेच्या महिनाभर आधी वाचले की झाले," असे वडील म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या वेळी वर्षाकाठी एकच मोठी परीक्षा होती, मार्गदर्शिका होत्या, आणि उत्तीर्ण होण्यापलीकडे त्या पदवीकडून कोणाची अपेक्षा नव्हती. मुलाच्या वेळी व्यवहाराची रीतच पालटली आहे, हे अनेक घरांना पहिल्या सत्राचा निकाल हाती आल्यावर कळते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचे शिक्षण श्रेयांकांत मोजले जाते. मिळवलेले श्रेयांक जमा ठेवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये नियम करून एक पेढीच उभारली. तिचे इंग्रजी नावही अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स असेच आहे. व्यापाऱ्याच्या घरात हे समजावून सांगणे अवघड नसावे. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, त्यात जमा, आणि त्या जमेची मुदत कमाल सात वर्षे. पहिल्या वर्षाअखेर थांबणाऱ्याने ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यावर चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यास पूर्ण केल्यास त्याला प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. ही मुभा अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यासाठी ठेवली आहे. "एक वर्ष झाले, कागद मिळाला, आता दुकानात ये," किंवा मुलीच्या बाबतीत "आता स्थळे पाहू," असे म्हणण्यासाठी तिचा आधार घेणे म्हणजे मुदत ठेव गरज नसताना मुदतीआधी मोडणे होय.

थोडा आकड्यांचा हिशेब करावा. एका सत्राला साधारण २२ श्रेयांक. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका श्रेयांकामागे ३० तासांचे शिक्षण धरले आहे. त्यात वर्ग, स्वाध्याय, चाचण्या सारे आले. म्हणजे सत्राला ६६० तास. अध्यापनाचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४४ तास होतात. वर्गात बसण्याचे निम्मे वजा केले तरी उरलेल्यासाठी रोज तीन तास हवेत, रविवार धरून. परीक्षेपूर्वीच्या एका महिन्यात हा सारा भार उचलू पाहणाऱ्याला रोज दहा-अकरा तास द्यावे लागतील, आणि तेही सोयाबीनच्या हंगामात. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तोवर निघून गेलेले असतात. व्यापारी माणूस असा सौदा करणार नाही.

अभ्यास कसा करावा, हे मात्र या मुलाला नव्याने शिकवावे लागत नाही. त्याने ते गादीवर पाहिलेले असते. दिवसाचा व्यवहार त्याच रात्री रोजकीर्दीत चढतो. त्यातून ज्याचे त्याचे खाते खतावणीत जाते. मग तेरीज काढून दोन्ही बाजू जुळतात का, ते तपासले जाते. वर्गातील टिपणे त्याच संध्याकाळी आपल्या शब्दांत पुन्हा लिहिणे ही रोजकीर्द. रविवारी ती विषयवार, प्रकरणवार लावणे ही खतावणी. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर जेवढे आठवते तेवढे उतरवणे आणि मग पुस्तकाशी ताडून पाहणे ही तेरीज. बहुतेक विद्यार्थी पहिले कसेबसे करतात, दुसरे क्वचित आणि तिसरे कधीच नाही. ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात, रंगीत पेनाने ओळी भरतात, आणि ओळखीचे वाटू लागले म्हणजे येऊ लागले, असे समजतात.

या समजुतीचा फोलपणा २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिजर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर विचारले तेव्हा चार वेळा अभ्यासणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

पाठशाळेत गेलेल्या मुलांना स्वाध्यायाची पाच अंगे ठाऊक असतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर परंपरेत आम्नायाला परिवर्तना म्हणतात आणि क्रम थोडा वेगळा आहे, एवढेच. वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, उजळणी करणे आणि दुसऱ्याला सांगणे ही महाविद्यालयीन अभ्यासाचीही अंगे ठरावीत. त्यातले सर्वांत आधी गळते ते पृच्छना. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी शब्दांपुढे गप्प होतो. समजले नाही हे कळू नये म्हणून मागच्या बाकावर सरकतो. वास्तविक डेटर्स म्हणजे कोण, हे त्याला उधारीची वही पाहून लहानपणापासून माहीत असते. डेप्रिसिएशन म्हणजे दुकानातल्या जुन्या काट्याचा घसारा, हेही. एका वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे घरचा शब्द आणि पेढीवरचे एक उदाहरण, असे रोज पाच शब्द लिहिले तर पहिल्या सत्राअखेर भाषेची भीती बरीच ओसरते. हा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा त्याची कोणी जाहिरात करीत नाही.

पेढीवरचे काम अभ्यासाचे शत्रू नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. त्यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते श्रम आणि शिक्षण एकत्र चालावे म्हणून. 'कमवा आणि शिका' ही योजना तिथलीच. आपल्या घरांत श्रम आहेत, शिक्षण आहे; उणीव असते ती ठरलेल्या तासांची. मुलगा "जरा बस" म्हटले की बसतो आणि रात्री नऊला उठतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांना एक सोय आहे, त्यांची संध्याकाळ लवकर मोकळी होते. साडेसात ते साडेनऊ हे दोन तास आणि पहाटेचा एक, असे लिहून ठरले आणि हंगामातही पाळले, तर वरचा तीन तासांचा हिशेब जुळतो.

पुढे काय व्हायचे, हा प्रश्न या घरांत सहसा "दुकान की नोकरी" असा मांडला जातो. ही मांडणीच अपुरी आहे. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतली आणि १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर केरोसीनचा व्यापार सुरू केला. ठिबक सिंचनाचा उद्योग त्यानंतरचा. पदवी घेतल्याने व्यापार सुटला नाही, आणि व्यापार केल्याने पदवी वाया गेली नाही.

सनदी लेखापाल व्हायचे असेल तर दोन वाटा आहेत. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा. ती २०२४ पासून वर्षातून तीनदा होते आणि प्रत्येक विषयात ४० व एकूण ५० टक्के गुण लागतात. दुसरी वाट पदवीनंतर थेट इंटरमिजिएटची. तिच्यासाठी वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि अन्य शाखांच्या पदवीधराला ६० टक्के हवेत. ही सरासरी ज्या गुणांतून बनते, त्यांत पहिल्या सत्राचे गुणही असतात. अठराव्या वर्षी गमावलेले पाच टक्के एकविसाव्या वर्षी दार अडवतात.

'अन्य शाखा' हे शब्द अनसिंगच्या मुलींसाठी महत्त्वाचे आहेत. गावात कला महाविद्यालय आहे, जवळ पडते म्हणून मुलीला तेथे घातले जाते आणि "बी.ए. करून काय होणार" असे म्हणून पुढचा विचार थांबतो. प्रत्यक्षात सनदी लेखापालाची थेट वाट कला शाखेलाही खुली आहे. सरकारी बँकांतील लिपिकपदाला कोणतीही पदवी चालते, वय २० ते २८. अधिकारीपदाला २० ते ३०. राज्यसेवेलाही पदवीची शाखा आडवी येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीला बँकेच्या परीक्षेला बसण्यापूर्वी तीन वर्षे मिळतात. अंकगणित आणि तर्कशक्ती यांना रोज अर्धा तास दिला, तर पुढे शहरातल्या शिकवणीचा खर्च बराच टळेल.

हिवाळी परीक्षेनंतर बाजारही थोडा निवळतो. त्या काळात वाशिममधील एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात, बँकेच्या शाखेत, बाजार समितीत आणि गोदामात एकेक दिवस बसून पाहावे. कोण काय काम करतो, दुपारी चार वाजता तो किती थकलेला असतो, हे महागड्या कल-चाचणीत दिसत नाही. पाहिलेले एका पानावर लिहून ठेवावे, आणि उन्हाळी परीक्षा आटोपल्यावर, मृगाच्या आधी, ते पान वडिलांपुढे ठेवावे. आईही तेथे असावी. पेढीवर उभ्या उभ्या ही बोलणी होत नाहीत. पुढच्या वर्षी बियाण्यांच्या घाईत दुकानाला किती तास द्यायचे, सोयाबीनच्या घाईत किती, त्या वेळी हाताखाली एक माणूस जास्त ठेवायचा का, आणि मुलगी वाशिमला जाणार असेल तर एस.टी.च्या पासाचे किंवा वसतिगृहाचे पैसे कोणत्या महिन्यात बाजूला काढायचे, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.