ध्रुवीय रात्रीतली नोकरी

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बऱ्याच उत्तरेला स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे आणि त्यात, ७९ अक्षांशाच्या किंचित अलीकडे, नी-ऑलेसुन हे गाव. तिथून उत्तर ध्रुव साधारण १,२०० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गापेक्षाही कमी अंतरावर आहे. १ जुलै २००८ रोजी भारताने या गावात ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केले. केंद्राचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. पहिली पंधरा वर्षे हिमाद्रीत माणसांचा वावर असे तो मुख्यतः उन्हाळ्यात. डिसेंबर २०२३ मध्ये चार जणांची पहिली हिवाळी तुकडी तिथे गेली आणि केंद्र बारमाही झाले. या तुकडीत गोव्याचे हे केंद्र, पुण्यात पाषाणला असलेली भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था, बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि मंडीची आयआयटी यांचे संशोधक होते. नोव्हेंबर ते एप्रिल हा हिवाळी मोहिमेचा काळ ठरला. एक तुकडी महिना-दीड महिना राहते, मग दुसरी येते.

हिवाळ्यातच जाण्याची कारणे साधी आहेत. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे, आणि ही वाढ उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक दिसते. सूर्य नसताना जमीन आणि समुद्र सतत उष्णता गमावत असतात. त्या वेळी आकाशात ढग असले तर ते पांघरुणाचे काम करतात. उन्हाळी मोजमापांवरून हा हिशेब मांडता येत नाही. गावासमोरच्या कोंग्सफ्योर्ड खाडीत अटलांटिकचे कोमट पाणी शिरते. २००६ नंतर ही खाडी पूर्वीसारखी नियमाने गोठत नाही. २०१४ मध्ये याच खाडीत, सुमारे १९२ मीटर खोलीवर, भारताने ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा नांगरली. ती पाण्याचे तापमान आणि क्षारता वर्षभर नोंदवते. आर्क्टिकमधल्या बदलांचा भारतीय मान्सूनशी संबंध आहे असे मानले जाते. तो नेमका कोणत्या मार्गाने लागतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पुण्याच्या संस्थेला उत्तर ध्रुवाजवळ रस का, हे यावरून कळते.

रामन संस्थेचे काम अगदी वेगळे. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या हायड्रोजनकडून येणारा अतिक्षीण रेडिओ संकेत पकडायचा, तर मोबाईल टॉवर आणि एफएम केंद्रांच्या कलकलाटापासून दूर जागा हवी. तशी शांतता नी-ऑलेसुनला कितपत मिळते, हे त्यांना तपासायचे होते. हे गाव रेडिओलहरींबाबत काटेकोर आहे. इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी दूरच्या खगोलांच्या आधाराने पृथ्वीचे फिरणे आणि खंडांचे सरकणे मोजतात. म्हणून गावात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हींना बंदी आहे. संगणक तारेने जोडायचा आणि बिनतारी हेडफोन भारतातच ठेवून यायचे.

आता थंडीबद्दल. मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने नोंदवलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही जानेवारी १९६२ मधले. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवली-मुलुंडच्या वस्त्यांत पहाटे पारा १५-१६ अंशांवर आला की कपाटातले स्वेटर बाहेर निघतात. इतक्या उत्तरेला म्हणजे उणे चाळीस असणार, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याने वाहणाऱ्या उबदार सागरी प्रवाहामुळे नी-ऑलेसुनचा हिवाळा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो. पारा बहुधा उणे दहा-पंधराच्या आसपास राहतो आणि मधेच शून्याच्या वर जाऊन पाऊसही पडतो. हा पाऊस थंडीहून वाईट. पाणी लगेच गोठते आणि रस्त्यावर काचेसारखा थर चढतो. त्यावर चालायचे तर बुटांना खिळ्यांचे पट्टे लावावे लागतात.

खरा त्रास वाऱ्याचा. उणे १५ अंशांत ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ती थंडी उणे २७ इतकी जाणवते. कपडे तीन थरांत घालायचे हा तिथला नियम. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर ऊब धरून ठेवणारा जाड थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. अंगालगत सुती गंजी घालणे ही उष्ण प्रदेशातून आलेल्यांची नेहमीची चूक. सूत घाम शोषते पण वाळत नाही, आणि ओले कापड शरीराची उष्णता ओढून घेते. बूट एक माप मोठे घ्यावे लागतात, कारण घट्ट बुटात रक्त नीट खेळत नाही आणि बोटे आधी बधिर होतात.

काम करताना अडचण होते ती हातांची. विकिरण मोजणाऱ्या उपकरणावर काचेचा छोटा घुमट असतो. त्यावर हिमाचा थर बसला की नोंदी चुकतात, म्हणून तो वरचेवर पुसावा लागतो. जाड हातमोज्याने बारीक स्क्रू फिरत नाही, आणि हातमोजा काढला तर मिनिट-दोन मिनिटांत बोटांची संवेदना जाऊ लागते. मग आत एक पातळ मोजा, वर एक जाड मोजा, आणि काम तुकड्या-तुकड्यांनी. बॅटऱ्या लवकर दम सोडतात, म्हणून त्या जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. बाहेरून आत आल्यावर चष्म्यावर आणि कॅमेऱ्यावर दव धरते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून सावकाश खोलीच्या तापमानाला आणावा लागतो.

कपडे नीट असले की थंडी आटोक्यात येते. अंधारावर असा इलाज नाही. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. डिसेंबरात तो भर दुपारीही क्षितिजाच्या बारा अंश खाली असतो, त्यामुळे संधिप्रकाशही दिसत नाही. पौर्णिमेच्या सुमारास मात्र चंद्र काही दिवस मावळतच नाही. तो आकाशात गोल फिरत राहतो आणि बर्फावरून परतणाऱ्या त्याच्या उजेडात डोंगरांच्या कडा स्पष्ट दिसतात. दुपारी अंधार असल्याने एक दुर्मीळ गोष्टही साधते. सौर वाऱ्याचे कण पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूने थेट वातावरणात शिरतात, तेव्हा उमटणारा ध्रुवीय प्रकाश भर दुपारी डोळ्यांनी पाहता येतो. अशा जागा पृथ्वीवर फार थोड्या आहेत.

शरीराचे घड्याळ चालते ते सकाळच्या उजेडावर. तो नाही मिळाला की झोपेची वेळ रोज थोडी पुढे सरकते, दिवसा पेंग येते, रात्री डोळा लागत नाही. काहींना ऋतुबद्ध नैराश्य येते. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८४ मध्ये या विकाराचे शास्त्रीय वर्णन केले. घरातला दिवा डोळ्यांपर्यंत काहीशे लक्स उजेड पोहोचवतो. उपचारासाठी १०,००० लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवतात. पण दिव्यापेक्षाही उपयोगी पडते ती शिस्त. ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी जेवणे, रोज थोडा वेळ बाहेर पडणे. नी-ऑलेसुनमध्ये वेगवेगळ्या देशांच्या केंद्रांतले लोक एकाच भोजनगृहात ठरल्या वेळी जेवतात. हिवाळ्यात गावात जेमतेम तीस-पस्तीस माणसे असतात. एखादा जेवायला आला नाही की लगेच लक्षात येते, ही या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट. इमारतीत शिरताना बूट दारातच काढायचे. हा रिवाज कोळसा खाणीच्या काळापासूनचा; मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही.

खाणीचा काळ मात्र सुखाचा नव्हता. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी इथल्या खाणीत स्फोट होऊन २१ जण मेले. त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार कोसळले आणि खाण कायमची बंद झाली. गाव संशोधनाकडे वळले ते त्यानंतर.

गावाबाहेर पाऊल टाकायचे तर पांढऱ्या अस्वलाचा विचार करावाच लागतो. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ बाळगणे बंधनकारक आहे. क्षेत्रकामाला जाणारे रायफल वापरायचे प्रशिक्षण घेतात. वस्तीत मात्र भरलेली बंदूक चालत नाही. अस्वल दिसले तर कोणालाही जवळच्या घरात शिरता यावे म्हणून दारांना कुलूप लावत नाहीत. अंधारात अस्वल दुरून दिसत नाही, म्हणून हिवाळ्यात एकट्याने फिरणे टाळतात.

संशोधक महिन्याभरात परततो. नोकरीसाठी वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी माणसाचे जग वेगळे असते आणि ते पाहायचे तर विमानाने अर्ध्या तासाच्या आत लाँगइयरब्येनला जावे लागते. सुमारे अडीच हजार वस्तीच्या या गावात पन्नासहून अधिक देशांचे लोक राहतात. थायलंड आणि फिलिपाइन्सचे लोक हॉटेलांत, दुकानांत आणि साफसफाईच्या कामांवर आहेत. हे शक्य झाले ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारामुळे. बेटांवर सार्वभौमत्व नॉर्वेचे, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे व्यवसायाचा समान हक्क. ब्रिटिश अमलाखालचा भारतही त्या करारात होता, त्यामुळे हा हक्क भारतीयांना शंभर वर्षांपासून आहे.

या मोकळेपणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. स्वालबार्डमध्ये राहायला व्हिसा लागत नाही, पण स्वतःचा खर्च स्वतःला पेलता आला पाहिजे. तो पेलत नसेल तर प्रशासन परत पाठवू शकते. घरे बहुतांशी कंपन्यांच्या मालकीची, त्यामुळे नोकरी गेली की घरही जाते. रुग्णालय लहान आहे, गरोदर स्त्रीला प्रसूतीसाठी मुख्य भूमीवर जावे लागते आणि म्हाताऱ्यांची देखभाल करणारी व्यवस्था नाही. इथे काढलेली वर्षे नॉर्वेच्या कायम वास्तव्यासाठी धरली जात नाहीत. २०२२ पासून स्थानिक निवडणुकीत मत द्यायचे तर परदेशी माणसाने आधी तीन वर्षे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर राहिलेले असावे लागते. ज्यांनी हे गाव चालवले त्यांतल्या अनेकांचे मत या नियमाने गेले. हे न्याय्य म्हणणे कठीण आहे.

अंधेरीच्या सीप्झमधून किंवा पवईतून प्रकल्पासाठी स्टॉकहोम, ऑस्लो, हेलसिंकीला जाणाऱ्यांना हाच हिवाळा सौम्य रूपात भेटतो. डिसेंबरात मुंबईत दिवस अकरा तासांचा, तिथे जेमतेम सहा तासांचा. ऑफिसला जाताना अंधार आणि येतानाही अंधार. त्या काळात तिथले ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके प्रखर नसते, आणि सावळ्या त्वचेला तर ते अधिकच कमी पडते. तिथले लोक तेलकट मासे, कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि जीवनसत्त्व मिसळलेले दूध घेतात. शाकाहारी माणसाला यातले दूध तेवढे चालते. त्याने निघण्यापूर्वीच रक्त तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. शनिवार-रविवारी दुपारच्या उजेडात बाहेर पडावे, घरकाम संध्याकाळवर ढकलावे.

स्वालबार्डला जाणाऱ्याने एक गोष्ट मुंबईतच पाहून घ्यावी. बेटांसाठी व्हिसा नको असला तरी वाट नॉर्वेतून जाते. नॉर्वे शेंगेन क्षेत्रात येतो, स्वालबार्ड येत नाही. म्हणून परत येताना नॉर्वेत दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो. शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा असेल, तरच तिकीट काढावे.