रोपांतील अदृश्य रोग व कढत झऱ्याचा नक्कलनवीस

केळीचें रोप लावतेवेळीं तजेलदार दिसतें. परंतु कांहीं महिन्यांनीं शेंड्याशीं अरुंद, आंखूड पानांचा गुच्छ येऊं लागतो आणि झाड खणून काढण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. या पर्णगुच्छ रोगावर औषध नाहीं. त्याचा विषाणु माव्याबरोबर पसरतो, तसाच रोपांबरोबरही बागेंत शिरतो. तो लावणीपूर्वींच कसा ओळखावा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यानांत कढत पाण्याचे झरे आहेत. तेथें १९६६ सालीं टॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांस सुमारें ७० अंश उष्णतेंत सुखानें वाढणारा एक जीवाणु आढळला. त्यांतील टॅक पॉलिमरेझ नांवाचें एन्झाइम १९७६ सालीं शुद्ध करण्यांत आलें.

या एन्झाइमचें काम नकला उतरविण्याचें. आम्हीं महसूल खात्यांत जन्मभर तेंच केलें. पानांतून काढलेल्या द्रव्यांत विषाणूचा डीएनए इतका थोडा असतो कीं, त्याचा शोध म्हणजे साऱ्या दफ्तरांतून एक चिठी शोधणें होय. तें द्रव्य ९५ अंशांपर्यंत तापविलें म्हणजे डीएनएचे दोन पदर सुटतात. निवविल्यावर, नक्कल कोठून घ्यावयाची हें दर्शविणारे लहान तुकडे त्यांस चिकटतात. व ७२ अंशांवर एन्झाइम प्रत्येक पदराची जोड पुरी करतें. एकाचे दोन, दोहोंचे चार, असे ३० फेरे झाले म्हणजे हिशेबानें एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. विषाणु नसेल तर नक्कलही नाहीं. कॅरी मुलिस यांनीं १९८३ सालीं ही युक्ति काढली, तेव्हांचें एन्झाइम तापवितांच निकामी होई व दर फेऱ्यास नवें घालावें लागे. टॅकनें ती अडचण दूर केली.

मात्र हा नक्कलनवीस रुजुवात घेत नाहीं. स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करीत नाहीं. रोग आहे कीं नाहीं एवढें पाहण्यास तें चालतें. परंतु नमुन्यांत बाहेरचा कण मिसळल्यास त्याचीही नक्कल होते. म्हणून प्रयोगशाळा काटेकोर पाहिजे. शिवाय जो विषाणु शोधावा तोच सांपडतो.

भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ सालीं ऊतिसंवर्धित रोपांस प्रमाणपत्र देण्याची योजना सुरू केली; तींत रोपांची विषाणुतपासणी होते. जमीन घेतांना आपण उतारा पाहिल्यावांचून इसार देत नाहीं. तद्वत् रोपें घेतांना प्रमाणपत्र मागून घ्यावें, कोणते विषाणु तपासले तें विचारावें, व लावणीनंतर माव्यावर नजर ठेवावी. निर्मळ रोपासही शेजारच्या बागेंतून रोग लागतो, हें विसरूं नये.