सरकीलाही पाणी, हातालाही पाणी

यवतमाळच्या कास्तकाराला सरकी काही नवी नाही. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर आखूड लव उरतेच, आणि त्या लवेपायी दाणे एकमेकांना धरून बसतात. ती काढायची रीत ऐकली की अंगावर काटा येतो. किलोभर सरकीवर साधारण 100 मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल ओतायचं, लाकडी काठीने 2-3 मिनिटं ढवळायचं आणि लगेच चार-पाच पाण्यांनी धुऊन काढायचं. लव जळून जाते, बी मात्र जिवंत! ॲसिडने न्हालेलं ते बी मृगाच्या पावसात उगवून येतं.

गंधकाम्ल पाण्यासाठी हपापलेलं असतं. लव म्हणजे सेल्युलोज. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन ते पाण्याच्या रूपात ओढून घेतं, मागे उरतो काळा कोळसा. सरकीचं टरफल कठीण, म्हणून ते 2-3 मिनिटं तग धरतं. आपल्या कातडीला टरफल कुठलं?

आता बियाणं पाकिटात तयार येतं, त्यामुळे हे काम बहुतांशी कारखान्यांत गेलं. ॲसिड मात्र बॅटरीच्या दुकानात, सोनाराकडे, शाळेच्या प्रयोगशाळेत आहेच.

ते अंगावर उडालं तर काय? शाळेत शिकवतात, ॲसिडमध्ये पाणी ओतू नका. खरंच आहे, थोडंसं पाणी पडलं तर ते उकळून ॲसिड उसळतं. पण वाहत्या पाण्याचा लोंढा ॲसिडही नेतो आणि उष्णताही. म्हणून धार मोठी हवी आणि किमान 20 मिनिटं हवी. एवढा वेळ का? पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, एका अंकाने वर आणायला पाणी दसपट लागतं. 1 वरून 4 वर यायचं तर हजारपट! भिजलेला सदरा धार चालू असतानाच उतरवा. ॲसिड प्यायलेलं सुती कापड कातडीला चिकटून जाळतच राहतं.

सरकीला शेवटी चुन्याची निवळी देतात, तशी हाताला देऊ नका. आम्ल आणि चुना भेटले की उष्णता निघते, म्हणजे भाजण्यावर आणखी भाजणं. हळद, टूथपेस्टही नकोच. डोळ्यात गेलं तर तो डोळा खालच्या बाजूला ठेवून, पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवा. पोटात गेलं तर उलटी करवू नका. कुणीतरी 108 लावावा, पण धार थांबवू नये. पुढचं काम दवाखान्याचं.

आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसतो. तेव्हा ॲसिडचा कॅन जिथे ठेवता, तिथून दहा पावलांच्या आत 200 लिटरचा ड्रम भरून ठेवा, आणि त्यावर एक मग ठेवायला विसरू नका.